आठ खंय गेलो?

हरेश्वर खवणेकरानं कागद बल्बाखाली धरला,
उलटा केला, सुलटा केला,
आणि म्हणाला, "बाय, ह्यातलो आठ खंय गेलो?"

आठ गेला होता.
प्रत्येक पानावर, वरून सहा बोटांवर
एक पांढरी पट्टी, बोटभरही रुंद नाही,
आणि तिच्यात जे सापडेल ते नाहीसं:
होडीच्या नंबरातला आठ,
बाबी गिरकराच्या बापाचं नाव,
शेवंतीच्या फोटोतले डोळे.
एकतीस जुलैच्या आत परवाने नवे व्हायचे होते.
सर्जेकोटात आमच्या वाडीत प्रिंटर एकच, माझा.
लेकीनं पहिल्या पगारातून पाठवलेला,
शिलाई मशीनवर बसवलेला, अंगावर क्रोशाचा रुमाल.

मी फोन लावला.
आधी बासरी वाजली. मग एक बाई म्हणाली,
माझा फोन त्यांच्यासाठी मोलाचा आहे.
मग पुन्हा बासरी.
तेवढ्यात पेज शिजली, आणि निवलीसुद्धा.

पहिला मुलगा म्हणाला, बंद करून चालू करा.
दुसराही तेच म्हणाला, पण इंग्रजीत.
तिसऱ्यानं विचारलं, खोलीत हवा दमट आहे का?
म्हटलं, बाबा, इथं मिठाच्या बरणीला पाणी सुटतं,
काडेपेटी उशाखाली घेऊन झोपतो आम्ही.
तो म्हणाला, म्हणजे हो की नाही?

कागद कोरडा ठेवा, असं ठरलं.
मी अख्खा गठ्ठा तांदळाच्या पिंपात खोचला.
कागद कोरडा झाला.
शुक्रवारी प्रिंटरच्या पोटात कट्‌कन वाजलं
आणि मी पुन्हा बासरी ऐकली.
"मॅडम, आत बाहेरची काही वस्तू गेलीय?"
बाहेरची नाही. घरचीच. वालय तांदळाचा दाणा.
बराच वेळ बोटं चालल्याचा आवाज.
मग कळलं, तांदूळ वॉरंटीत बसत नाही.

तक्रारीचा नंबर चौदा आकडी.
कॅलेंडरवर भरतीच्या वेळांशेजारी लिहून ठेवला.
त्यात तीन आठ होते.
हरेश्वर म्हणाला, "त्यातलो एक मागान घे."
इंजिनीअर कोल्हापूरपर्यंत येतो,
घाट उतरत नाही. मशीन तुम्हीच घेऊन या.
एसटीत, मांडीवर? आणि गगनबावड्याच्या वळणांवर
त्याला मळमळलं तर?

रात्री अडीचला लाईट आली.
अंधारात तो आपसूक खडखडला
आणि एक पान काढलं, स्वतःच्या तपासणीचं:
चार रंगांच्या पट्ट्या, बारीक जाळ्या,
कुठं म्हणून खोट नाही.
नवरा कुशीवर वळून म्हणाला,
"मेलो सोतापुरतो बरो आसा."

सातव्या खेपेला एक मुलगी लागली.
सर्दीनं आवाज बसलेला.
सिस्टीम हळू चालतेय, थांबा म्हणाली,
आणि थांबता थांबता विचारलं,
मागे तो आवाज कसला हो, पंखा?
म्हटलं, समुद्र. आज उधाण आहे.
ती काही बोलली नाही.
मी फोन घेऊन मागीलदारी गेले,
पागोळ्यांच्या अलीकडे उभी राहिले, हात लांब करून.
खांदा दुखेपर्यंत.
बासरी लागली नाही.
मग कॉल कटला, आणि लगोलग मेसेज:
आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या.
मी पाच दिले. कशाला दिले, माहीत नाही.

तीस तारखेला आठ मी हातानं घातले,
निळ्या बॉलपेननं, चष्मा पुसून पुसून.
बाबीच्या बापाचं नाव बाबीला विचारून.
उरले शेवंतीचे डोळे.
काय करू गो, म्हटलं.
"काड मगे. पण तिरळे नको."

मालवणच्या कचेरीत साहेबानं कागद
उलटा केला, सुलटा केला.
टेबलावर एक तांदूळ पडला.
तो नखानं बाजूला सारून
त्यानं शिक्का उचलला, त्यावर हा केला, मारला.
शिक्क्याचीही मधली ओळ उठली नव्हती.