आढं कापताना

गाईचा श्वास मोजायचा तर बरगडीमागची खळगी बघायची.
आत गेली, बाहेर आली : एक.
मनगटावरच्या घड्याळात अर्धं मिनिट.
चारशे बारा नंबरची गाय, एकेचाळीस.
म्हणजे मिनिटाला ब्याऐंशी,
आणि जीभ अजून तोंडातच आहे, एवढंच समाधान.

कारमार्थनशायर, जुलै, दुपारचे दोन.
बाहेर एकतीस अंश.
आत किती, ते आयर्विनना विचारू नका.
हा वेल्स आहे बाई, ते म्हणतात,
इथं ऊन पाहुण्यासारखं येतं, चहा घेतं, जातं.

ऐंशी गाई आणि एकही बसलेली नाही.
बसली तर रवंथ, रवंथ तर दूध,
हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं.
तरी सगळ्या दाराशी दाटीवाटीनं उभ्या,
आणि मधल्या जागा रिकाम्या, मऊ वाळूच्या,
छपरातल्या पारदर्शक पत्र्यांमधून पडलेले उन्हाचे चौकोन
तिथं चादरी अंथरल्यासारखे.
कोण झोपणार असल्या चादरीवर?

गोठा आयर्विनच्या हातचा.
ब्याऐंशीच्या जानेवारीत बर्फ आडवं आलं,
दोन वासरांचे कान गळून पडले,
तेव्हा शिडी लावून त्यांनी आढ्याची फट बुजवली.
आधी फळ्या. फळ्यांच्या फटींत पोती.
तो वारा कधीच निघून गेला.
फळ्यांना कुणी कळवलं नाही.

मी धुराची कांडी पेटवली.
पांढरा धूर, गाईंच्या पाठींवरून वर,
तुळयांपाशी, मग आढ्याशी.
थांबला. चाचपडला.
आणि पत्र्याच्या उतारावरून घसरत
सावकाश पुन्हा गाईंच्याच पाठींवर.

आमच्याकडे म्हणतात,
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही.
मी ते इंग्रजीत सांगायला गेले, तोंडातच अडकलं.
श्वास जातो, एवढंच म्हणाले. तेवढा एकच जातो.
आणि परत येतो, नेस्टा म्हणाली, त्यांची सून.
आयर्विननी टोपी काढून धुराला हाकललं,
कोंबडीला हाकलतात तसं.

सप्टेंबरात नेस्टा करवत घेऊन क्रेनच्या पिंजऱ्यात चढली.
आधी पत्र्याचा कर्कश आवाज, मग पोती कोसळली,
कुठल्यातरी बुडालेल्या पेंड कंपनीच्या नावाची,
साळुंक्यांची जुनी घरटी, भुसा, चाळीस वर्षांची धूळ,
आणि एक हातोडी.
आयर्विन तिच्याकडे बघत राहिले.
हिच्यावरून, म्हणाले, मी ग्लिनला चोर म्हटलं होतं.
भाऊ. धाकटा.
आता स्वान्सीला असतो, की असायचा.
हातोडी त्यांनी कोटाच्या खिशात घातली.
खिसा एका बाजूनं ओढला गेला.
वरून आकाशाची एक पट्टी खाली आली,
वीतभर रुंद, शेण ओढायच्या बोळाच्या बरोबर मधोमध.
कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. धारांची वेळ झाली होती.

पारदर्शक पत्र्यांना चुना फासला.
पंखे पुढच्या वर्षी, बँक हो म्हणाली तर.

नोव्हेंबरात फोन : आत पाऊस पडतोय.
किती?
गेले, आले. अर्धी बादली.
गादीवर?
नाही. बोळात.
आणि त्यांची गुरगुर, की मी आधीच सांगितलं होतं.
काय सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये पुन्हा फोन. एकोणतीस अंश.
चारशे बारा, ते म्हणाले. सत्तावीस.
अर्ध्या मिनिटात?
मग काय तासात?
मी दोननं गुणत होते.
बाकीच्यांचे? मी विचारलं.
जरा वेळ नुसता ओठांचा, जिभेचा, दातांचा आवाज,
फोन गाईच्या जवळ असावा.
दुसरीचे मोजायला गेलो, ते म्हणाले,
तर ती बसली.
मग उठवावंसं वाटलं नाही.