मधली काठी

बोहरी आळीत हुजैफाभाईंनी
काउंटरवर तीन फ्लाय रॉड मांडले.
पहिला नऊशेचा,
हातात घेतला तर पडद्याचा दांडा.
तिसऱ्याची किंमत त्यांनी सांगितली नाही,
नुसता पुसून ठेवला.
मधल्याला म्हणाले, जोडा, बाहेर नेऊन हलवा.

बाहेर म्हणजे कुठे?
बादल्यांच्या चळती, सुतळीचे गुंडे,
रिव्हर्स घेणारा टेम्पो,
आणि भोसरीत एकतीस वर्षं मायक्रोमीटर धरलेला मी
नऊ फुटी काठी उगारून उभा.
दोरी मागे फेका, ते दारातून ओरडले,
मागे सरळ होईस्तोवर थांबा,
मग पुढे.
थांबणंच जमेना.
शेंड्याने वरच्या वायरीवरचं
कुणाचं तरी फडकं खाली आणलं.
टेम्पोवाला हॉर्न विसरून बघत बसला.

चौथ्या खेपेला काठी बुडापर्यंत वाकली
आणि ते वाकणं मुठीत उतरलं,
लेथवर टूल बोथट झालं की
आवाजाआधी हाताला कळायचं, तसं.

साडेसहा हजार. रीळ वेगळं.
शालनला चार सांगेन.
नको, पाच.
ती विचारेल, खडस धरून परत सोडणार,
मग धरायचा कशाला?
याचं उत्तर मुळशीच्या पाण्यात
गुडघाभर उभा राहिलो की सुचतं,
घरी येईपर्यंत वाळून जातं.

गुंडाळा मधला.
पिसांच्या चार माश्याही द्या, काळ्या.
आणि हुजैफाभाई,
तो तिसरा आत ठेवा आधी.
किंमत सांगू नका.