मधलं नाव

अर्जात दोनच रकाने.
नाव: मनाली. आडनाव: चाळके.
मध्ये दत्ताराम यांना बसायला जागा नाही.

लॅपटॉप मैत्रिणीचा,
ई हे बटण दोनदा दाबावं लागतं.
तेरा संस्थांना लिहून झालंय.
चौघांकडून यंत्रानेच उत्तर दिलं,
एका प्राध्यापकांनी पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या,
निरोप समारंभात देतात तशा.
बाकीचे गप्प.
ती माणसं आपल्या साडेतीन तास मागे;
मी रात्री म्हणायचे, वाचतील,
अजून त्यांची संध्याकाळ व्हायचीय.

आता पॉट्सडॅम. भूकंपाचा विभाग. तीन महिने.
तुम्हाला या विषयात रस का? एक पान.

लहानपणापासून मला विज्ञानाची,
असं लिहिते. खोडते.
रस उसाला असतो.
आमच्या पाटणला धक्का बसला की
आई मांडणीवरच्या ताटांना हात लावते,
किरकिरणाऱ्या पोराला थोपटावं तशी,
आणि परत भाकरीकडे वळते.
शाळेत बाई खडू खाली न ठेवता म्हणायच्या,
झाला. पुढचं गणित घ्या.
तीनच्या आतला असेल तर
इथे कोणी चप्पलसुद्धा शोधत नाही.

हे इंग्रजीत कसं लिहितात?

पुढचा रकाना: संशोधनाचा पूर्वानुभव.
नाही, असं लिहिलं
आणि पाणी प्यायला उठले.

माठाच्या वर, एकाच खिळ्याला,
एकवीस वर्षांची कॅलेंडरं.
दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख,
आणि निळ्या पेनाने पप्पा:
पहाटे ३.१० धक्का. टाकीत पाणी डुचमळलं.
२.४० दोन. दुसरा आवाजासकट, आवाज धरणाच्या अंगाने.
रात्रभर शांत.

पप्पा पाण्याच्या टाकीवर रात्रपाळीला असतात.
झोप लागू नये म्हणून लिहायचो, म्हणाले,
आणि साहेबांनी विचारलं तर सांगता यावं.
साहेबांनी कधी विचारलं नाही.

रात्रभर शांत.
काही घडलं नाही, हेही लिहून ठेवायचं असतं
हे आमच्या वर्गाला सरांनी
एमेस्सीची दोन वर्षं सांगून पाहिलं होतं.

नऊ दुपारी लागल्या.
ते वाचायचे, मी तक्त्यात भरायचे.
स्वतःच्याच अक्षराला अडखळायचे.
एका तारखेशी थांबले. ही सोड,
त्या रात्री डोळा लागला होता, अंदाजाने लिहिलंय.
मी ती ओळ लाल केली.
दोन हजार सातशे अकरा नोंदी. लाल एक.

तक्त्याखाली सांगावं लागतं, नोंदी कोणी घेतल्या.
तिथे लांबीची अट नव्हती.
दत्ताराम धोंडिबा चाळके.
आजोबाही मावले.

पाठवलं तेव्हा साडेनऊ.
पप्पा डबा घेऊन दारात, एक पाय चपलेत.
म्हणाले, त्यांना एक कळव,
टाकीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे.
कधीपासून?
पहिल्यापासून.

मग मी दुसरी मेल लिहिली. दोनच ओळींची.
कृपया सगळ्या वेळांमधून दोन मिनिटं वजा करावीत.
लाल ओळ सोडून.