पाऊणपट

एकेचाळीस ओळींपासून सुरुवात केली.
प्रत्येकीला नाव होतं: तिथी, पक्ष, घटका,
भरतीची वेळ, ओहोटीची वेळ,
आणि एक 'उरलेलं', ज्यात काय ठेवलंय
ते मलाही आठवेनासं झालेलं.

तांबळडेगला, बर्फाच्या गोदामावरची भाड्याची खोली.
कठड्यावर टाकलेल्या जाळ्याचा वास
कीबोर्डाच्या फटींत जाऊन बसलेला.
राजापुरातून अदनान सोलकर नुसता आकडा पाठवतो:
एकशे बारा.
मी: नव्याण्णव.
अर्धा तास काही नाही. मग: अठ्ठ्याऐंशी,
आणि खाली हसणारं पिवळं तोंड.

या भाषेत काही बदलता येत नाही.
एकदा पाच म्हटलं की पाच, मरेपर्यंत.
म्हणून मी बदलत नाही, वगळते.
आधी मोकळ्या जागा गेल्या.
मग नावांची एकेक अक्षरं झाली.
कुठली रक्कम कुठल्या जातीची ते लिहायचं सोडलं,
कंपायलर ओळखतो,
जशी सुलभा टिकम फडकं न उचलता सांगते
टोपलीत बांगडे आहेत की सौंदाळे.
भरत्यांची न संपणारी यादी एका ओळीत मावली,
कारण भाषा मुळात आळशी:
उद्याची मागितली तर उद्याचीच काढून देते,
परवाची परवा बघू.

शेवटी तिथीचंही नाव घेणं सोडलं.
जिच्यावर सगळं चालायचं तीच बिननावाची.
माझी मावशी नवऱ्याला हाक मारायची नाही,
नुसती बांगडी वाजवायची,
आणि ओसरीवरच्या सात पुरुषांतून
बरोबर एक उठून आत जायचा.

रात्री दोनला सात चिन्हं उरली.
कंस. गुणाकाराची चांदणी.
शून्य, टिंब, सात, पाच. कंस.
ते शून्यही काढून पाहिलं. कंपायलर अडला.
टिंबाच्या आधी कोणीतरी उभं हवं,
रिकामं का असेना.

सकाळी रापण ओढत होते.
बाबल मालंडकरने दोर कमरेला अडकवून
माझ्या मोबाइलात डोकावलं. "ह्यां काय गो?"
भरतीची वेळ, म्हटलं. फक्त सात चिन्हांत.
तो दोन पावलं मागे सरकला, दोराबरोबर.
"पाऊणपट."
कशाची?
"तिथीची. आणखी कसली?"
आणि बारापासून मोजायचं?
"मगे काय तेरापासून?"
दोराला धरलेले सगळे हसले, ताल न चुकवता.

पाच अक्षरं. मी सवयीने मोजली.
मग आठवलं ते, जे आम्ही दोघंही कधी मोजत नाही:
माझ्या सातांच्या मागे अडीच जीबीचा कंपायलर
पंखा गरगरवत बसलेला,
आणि त्याच्या पाचांच्या मागे
वाळूत टाचा रुतवलेली तीस माणसं,
ज्यांतल्या कोणालाच
'कशाची' म्हणून विचारावं लागत नाही.

पंचमी होती. पावणेचारला खडकावर जाऊन उभी राहिले.
कालवांच्या पांढऱ्या रेषेला पाणी लागलं
चार वाजून चार मिनिटांनी.
एकोणीस मिनिटं उशीर, मी बाबलला सांगितलं,
जरा चढ्या आवाजातच.
तो जाळ्यात अडकलेला खेकडा सोडवत होता.
एक नांगी मोडली, दुसरी सुटली.
"येष्टीपरास बरां," म्हणाला.

अदनानला कळवलं: पाच.
लगेच उलट आलं: कुठल्या भाषेत?
खाली वाटे पडतायत. कोणीतरी माझ्याही नावाने
तारल्यांचा एक छोटा ढीग बाजूला सारलाय,
मी दोर धरला नव्हता तरी.
उत्तर लिहितेय.
लांबतंय.