भोंगा

अंबडच्या प्रेसशॉपमध्ये मणका सरकला
तेव्हा गोळी अर्धीच होती.
मग एक. मग मोजणं सोडलं.
पाथर्डी फाट्याचा मेडिकलवाला
चिठ्ठी न बघता पुडी बांधायचा,
आणि दुखणं उशाशी मांजरासारखं निजायचं.

सिव्हिलमध्ये पिंगळे मॅडमनी
केसपेपरच्या पाठीवर मेंदू काढला.
मला तो फ्लॉवरचा गड्डाच वाटला.
म्हणाल्या, "आत राखणदार पेशी असतात.
या गोळीलाही त्या परकं समजतात,
उठतात, एकमेकींना उठवतात.
सूज येते. बाहेरून दिसत नाही."

मी म्हटलं, म्हणजे आमचा भोंगा.
एकदा अडकला होता पहाटे तीनला.
आग नाही, धूर नाही,
नुसता कोकलत राहिला,
आणि अख्खी नाइट शिफ्ट गेटवर उभी,
घाबरलेली, कशाला ते माहीत नसताना.

मॅडम हसल्या नाहीत. लिहून घेतलं त्यांनी.

तरीच
चादरीची घडी बोचायची पाठीला,
छबूने पातेलं घासलं तरी अंगावर जायचो,
आणि गोदेच्या घाटावर बसलं
तर पाणी वाहायचं
दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांसमोरून.

आज तेरावा दिवस.
गोळी उतरते आहे, मॅडमच्या हिशोबाने, पाव पाव.
पाय रात्रभर सायकल मारतात.
छबू अंधारात विचारते, "थांबला का?"

कान देऊन ऐकतो.
नाही अजून.
पण वर कुणी वायरमन चढलाय बहुतेक,
शिडी हलतेय.