धोपावे ते दाभोळ

फेरी धक्क्याला लागायच्या आधीच मामूने सुरुवात केली.
"पासपोर्टच्या झेरॉक्स तीन.
एक बॅगेत, एक अंगावर,
एक अम्मीकडे, तांदळाच्या डब्यात.
नको, चहाच्या. तांदळात पोरकिडे होतात."

हमीदमामू सव्वीस वर्षं जहाजाच्या भटारखान्यात.
त्याला बंदरं पाठ. देश नाहीत.
प्रत्येक देश त्याने पाहिलेला
गेटपासून पहिल्या दुकानापर्यंत,
चार तासांच्या रजेत, ओला कांदा कापल्या हातांनी.

"दुसऱ्याचं पुडकं घ्यायचं नाही.
सख्खा असला तरी नाही.
मी दिलं तरी उघडून बघायचं."
आणि त्याने मला पुडकं दिलं.
उघडलं. सुकट.
"ही कस्टमवाल्याला आपणहून सांग.
तू नाही सांगितलंस तर ती सांगेल."

इंजिन धडधडलं. मामूला ओरडावं लागलं,
आणि माझं जर्मनीला जाणं
दोन चिऱ्याचे ट्रक, आठ मोटरसायकली
आणि कालवांची पाटी घेतलेल्या सखूबाई पालशेतकरणीपर्यंत पोचलं.

"पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नको!
पहिल्या दिवशी सगळं रुपयांत दिसतं,
पाण्याची बाटली बघून रडू येतं!"
"तिकडच्या पाण्यानं केस गळतात गो," सखूबाई.
"माझा मेव्हणा बहारीनला असतो," तिकीटवाला.
"ही बहारीनला नाही चालली."
"पण गरम कपडे ने म्हणावं."

मी नर्स आहे. तीन परीक्षा दिल्यात त्या भाषेत,
शिरेला, सुईला, लघवीला काय म्हणतात ते मला येतं.
मामू म्हणतो, चार शब्द शिक:
सलाम, मेहरबानी, माफी, कितीला.
आणि पाचवा, 'मला कळलं नाही'.
"पाचवा सगळ्यात आधी.
मी तो कधी बोललो नाही.
नुसती मान हलवायचो.
एकदा मान हलवून दोनशे अंडी जास्त घेतली."

वाशिष्ठीचं पाणी इथे ना नदीचं, ना खाडीचं, ना समुद्राचं.
मध्यावर वारा फिरला.
मामू कठड्याला टेकला, दुखरा पाय मोकळा सोडून.
हा पाय आमच्या घरात कहाणी आहे:
बिस्केचं वादळ, तुटलेली शिडी,
उकळत्या डेगेला धरून ठेवलेला मामू.
ईदला पाहुणे आले की तो ती सांगतो,
दरवर्षी लाट एक हात उंच होते.

"रस्ता ओलांडताना," तो म्हणाला,
आता ओरडत नव्हता, मला पुढे वाकावं लागलं,
"आधी डावीकडे बघ.
तिकडे गाड्या उलट्या.
मी उजवीकडे बघितलं होतं.
अँटवर्पला.
सायकल होती.
सायकलवर एक म्हातारी. तिच्या टोपलीत पाव."
थोडं थांबून:
"तिलाच रडू आलं. मीच तिची समजूत काढली,
कुठल्या भाषेत ते विचारू नको.
अम्मीला सांगू नको."

फळी दाभोळच्या उतारावर आदळली.
मोटरसायकली आधी सुटल्या, मग ट्रक,
मग सखूबाई, कालवं सांभाळत,
"केसांना खोबरेल ने गो."
मामू उतरला नाही.
याच फेरीने परत जाणार होता,
म्हणाला, उगाच दोनदा तिकीट कशाला.
खिशातून एक नाणं काढून माझ्या मुठीत कोंबलं,
कुठल्याशा देशाचं, कडा झिजलेलं,
त्या देशात आता चालतही नसेल.
"फोनला लागतं," म्हणाला.
मी मान हलवली.

फेरी मागे सरकली.
तो काहीतरी ओरडत होता, हातांनी काही दाखवत होता,
पुन्हा पुन्हा तेच,
इंजिनाने त्यातलं काही येऊ दिलं नाही.

बॅग ओढत वर आले.
रस्त्यापलीकडे मुंबईची गाडी उभी.
थांबले.
शहाण्या मुलीसारखं आधी डावीकडे बघितलं, नीट,
आणि पाऊल टाकलं.

उजवीकडून दापोलीची एसटी करकचून थांबली.
ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं:
"अगो बाय, कुठली तू?"