जमेची बाजू

तेव्हा आमचा रविवार शुक्रवारी यायचा,
आणि आला की दीड तासच थांबायचा.
साडेअकराला तमिळ मंडळी दारात,
त्यांच्या मागे फिलिपिनो, गिटारी घेऊन.
शारजात देवही तासावर मिळतो, म्हणायचे दाऊदकाका.

रेव्हरंड शद्रख ओहोळ आले ते या दीड तासाला.
पाळक होण्याआधी अकरा वर्षं
पिंपरीत बाथरूमच्या टाइल्स विकलेला माणूस.
पहिल्याच उपासनेत, आशीर्वादाला हात उचलायच्या आधी
खाली वाकून फरशीवर टकटक केलं.
"पोकळ आहे. फसवलंय तुम्हाला कंत्राटदाराने."
मग आशीर्वाद.

मला खजिनदार केलं.
म्हटलं, मी रात्रपाळीची नर्स, मला कुठला हिशेब येतो.
"सलाइनचे थेंब मोजतेस ना, करुणाबाई? तेवढंच."

जागा सरकारची. भिंतीच्या आत काय ते करा,
बाहेर क्रूस नाही, घंटा नाही.
"बरंच झालं," पाळक म्हणाले, "घंटेचा खर्च वाचला."
हंगामाच्या सणाला एक भोपळा चार वेळा विकला,
घेणारा घ्यायचा, परत वेदीपुढे ठेवायचा.
तीनशे चाळीस दिरहमचा भोपळा!
शेवटी त्याची भाजी केली, तीही ताटाला पाच दिरहम.
इंडस्ट्रियल एरियातल्या पठाणाशी
हिंदी, अरबी, मल्याळम एकत्र कालवून भांडायचे,
तो "खल्ली-वल्ली" म्हणून उठला की हे त्याच्याच थर्मासमधला चहा ओतून घ्यायचे.

नकाशात आधी स्वयंपाकघर.
मग संडास, सहा.
मग चार खाटांची खोली,
तिकिटाची वाट पाहत असतील त्यांच्यासाठी.
वेदी सगळ्यात शेवटी.

दाऊदकाका उभे राहिले भर सभेत.
"प्रभूने सराफांचे चौरंग उलटवले होते, पाळकसाहेब."
सगळे गप्प. एसी तेवढा घरघरत होता.
"उलटवले," ओहोळ म्हणाले,
"पण नंतर ते मंदिर कुणी झाडलं असेल?
त्या झाडूचे पैसे मी मागतोय."
काका बसले. पटलं नव्हतं.
पन्नास दिरहम मात्र दिले, चुरगळलेले.

सागवानासाठी जमले होते सहा हजार दोनशे.
ऑगस्टमध्ये यल्लय्या गेला.
निजामाबादचा. आमच्या भिंतीला गिलावा करणारा.
आमच्यातला नव्हता,
गळ्यात लाल दोऱ्यात कुठल्याशा देवीचा पत्रा.
कंपनीला कुलूप, मालक फोन उचलेना,
आणि तो पंधरा दिवस शवागारात, नंबर लावून.

विमानात मेलेला माणूस किलोवर जातो.
हे मला नर्स असून माहीत नव्हतं.
कार्गोच्या खिडकीशी पाळकांनी घासाघीस केली,
तीच, टाइल्सवाल्याशी करतात तशी,
कॅल्क्युलेटर काचेवर आपटत, "शेवटचा भाव सांग" म्हणत.
मला लाज वाटली. मागे सरून उभी राहिले.
किलोमागे दीड दिरहम उतरवला त्यांनी.
वाचलेले पैसे पाकिटात घालून
यल्लय्याच्या बायकोचं नाव लिहिलं वर,
तेलुगूत, कुणाला तरी विचारून,
तीन वेळा खोडून.

परतताना गाडीत बोलले नाहीत.
नॅशनल पेंट्सच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो,
तरी बोलले नाहीत.

रात्री वही उघडली.
विचारलं, हे कुठे लिहू? नावे की जमा?
"चहा आहे का?" म्हणाले.
चहा प्यायले, कप विसळून पालथा ठेवला, गेले.
मी पेन्सिलीने लिहिलं,
मधल्या रेघेवर, दोन्हीकडे थोडं थोडं सांडेल असं.

परवा ऑडिटर आले होते.
ही एकच नोंद पेन्सिलीत कशी?
म्हटलं, शाई संपली होती.

आता त्या खोलीत खाटा सात.
स्वयंपाकघरात शुक्रवारी दोनशे ताटं उठतात,
जेवणारे निम्मे कुठल्याच उपासनेला येत नाहीत,
पाळक त्यांनाही ताट घासायला लावतात.

वेदी अजून प्लायवुडचीच.
वर पांढरं कापड, म्हणून कळत नाही.
सागाचा भाव उतरू दे, म्हणतात ओहोळ,
आणि जाता जाता
पायाने फरशी ठोकून बघतात.